हॉकिंगांची जागा

निलगिरीच्या झाडाजवळच्या कोपऱ्यावर नेव्हनं शाळेची बस थांबवली, दार उघडलं आणि वाट पाहिली. कोपऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"नेव्ह, ती दोघं नाही येणार," मागच्या सीटवरून एक पोर ओरडलं. "त्यांची आई सोडते आता त्यांना."

"का रे? बरं नाही का त्यांना?"

"बरी आहेत की! बसनं जायचं नाही म्हणाली आई."

नेव्हनं दार लावलं. तेवढ्यात मागून धुरळा उडवत त्या पोरांच्या आईची, किमची, पांढरी गाडी पुढं गेली. मागच्या काचेतून तिच्या दोन्ही पोरांनी जोरजोरात हात हलवले. किम मात्र मान ताठ करून समोर बघत होती. वारूक गावच्या रस्त्यांवर कुणीही दिसलं, ओळखीचं असो वा नसो, तरी रामराम म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीतच आहे. न उचलणारा एकतर शहरातला असतो, नाहीतर भांडलेला. नेव्हचं बोट सवयीनं उठलं होतं, ते तसंच हळूच खाली आलं.

बस सोडून दिलेलं हे तिसरं घर. नेव्हिल हॉकिंग विचार करकरून थकला. कुणाच्या पोराला रागावलो का? बस कुठं जोरात हाणली का? काही आठवेना. नाकासमोर चालणारा माणूस तो. गव्हाच्या शेतांमधल्या या गावात त्याचं अर्धं आयुष्य शाळेची बस चालवण्यात गेलं होतं. आता बसमध्ये बसणाऱ्या कितीतरी पोरांच्या आयांना त्यानंच शाळेत पोचवलं होतं. किमलासुद्धा. लहानपणी तिला वळणावर हमखास उलटी व्हायची, म्हणून नेव्ह तिला पुढं, आपल्या शेजारी बसवायचा.

खरं तर सगळं त्याच्या यूटपासून सुरू झालं होतं. मागं उघडा हौदा असलेली ती जुनी गाडी उन्हाळ्यात एक दिवस बसली ती बसलीच. मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं आणि तसंच पुन्हा लावून टाकलं. नेव्ह दुसरी गाडी बघायला निघाला, तेव्हा त्याची बायको ग्लेनिस आडवी आली. ती नुकतीच गावातल्या हॉलमध्ये कुणा शहरी बाईचं भाषण ऐकून आली होती. घरातल्या गाडीच्या बहुतेक फेऱ्या म्हणे अगदी जवळच्याच असतात, पावाला, पोस्टाला, औषधाला. आणि त्या टाळल्या तर धूर केवढा तरी कमी होतो.

"अख्खं गाव पालथं घातलं तरी पाय दुखायचे नाहीत, एवढं हे गाव," ग्लेनिस म्हणाली, "आणि आपण दुधाच्या बाटलीसाठी गाडी काढतो! वर पाऊस का पडत नाही म्हणून आभाळाकडं बघत बसतो. एक गाडी बास झाली दोघांना. गावातल्या गावात चालायचं."

उरलेली एक गाडी तिची. आठवड्यातून दोनदा ती बहिणीला घेऊन लांबच्या शहरातल्या इस्पितळात जायची. तिथं बस जात नव्हती की रेल्वे. ते सोडलं तर ग्लेनिस चाकांची पिशवी ओढत पायी फिरू लागली. पहिले काही दिवस तिला चालणं मुश्किल झालं. दर थोड्या अंतरावर गाडी थांबायची.

"ग्लेनिस, गाडी बंद पडली का गं? बस, सोडते."

"नाही गं, चालतेय."

"चालतेयस? का?"

"पाव आणायला."

"अगं पण का?"

हळूहळू लोकांनी तिचा नाद सोडला. ग्लेनिसला वेड लागलंय, एवढ्यावर गावाचं समाधान झालं.

नेव्हनंही चालायला ना म्हटलं नाही. पण बसची शेड गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या गुडघ्याची कुरकुर जुनी. "सायकल घे की," एवढं ग्लेनिसनं एकदाच म्हटलं होतं. त्यावर तो उठून बाहेरच गेला. कारण तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं पुन्हा विषय काढला नाही. शेवटी गुडघा इतका सुजला, की त्यानं आपण होऊनच एक वापरलेली निळी सायकल आणली. वसंत तोंडावर आला की इथले मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून हेल्मेटवर साळिंदरासारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधल्या. आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडायला लागलं. सकाळचा गारवा, ओल्या गव्हाचा वास. यूटच्या खिडकीतून हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

ग्लेनिससाठी गाड्या थांबायच्या, त्याच्यासाठी मात्र एकही थांबली नाही. उलट त्याला बघून लोक पटकन नजर फिरवायचे. आपल्याला घाई असते म्हणून तेही घाईत असतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी पोरांना सोडून तो शेडवर आला, तर बसचा मालक डॅरेल दारातच उभा.

"नेव्ह, जरा आत ये की. चहा टाकलाय."

डॅरेलनं आजवर कधी चहा टाकला नव्हता. नेव्ह स्टुलावर बसला. डॅरेलनं कपात साखर घातली, मग पुन्हा घातली.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"लायसन्स आहे ना रे तुझं?"

"म्हणजे?"

"आहे ना, एवढंच सांग."

नेव्हला प्रश्न कळला. मग सगळं आपोआप जुळत गेलं, किमची ताठ मान, फिरवलेल्या नजरा, सगळं. वारूकमध्ये पोर सायकल चालवतं ते खेळ म्हणून. मोठा बाप्या सायकलवर दिसला, की त्याचा अर्थ एकच. दारू पिऊन गाडी चालवताना सापडला आणि लायसन्स गेलं. त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडं बघतही नाहीत. बिचाऱ्याला आणखी लाजवायचं कशाला, हा त्यामागचा चांगुलपणा. हे नेव्हला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण जन्मात ज्यानं दारूला स्पर्श केला नाही, पबमध्येसुद्धा जो लिंबाचं सरबत पितो, त्याच्यावर कोण संशय घेईल, असं तो धरून चालला होता. तिथंच त्याचं चुकलं.

"बिनलायसन्सचा मी तुझी बस चालवीन, डॅरेल?"

"मी कुठं म्हणतोय? लोक म्हणतात."

"काय म्हणतात?"

डॅरेल कपात बघत राहिला. "म्हणतात, शेवटी आल्फचाच पोरगा. कधी ना कधी रक्ताचा गुण दाखवणारच."

नेव्हनं पाकीट काढलं, लायसन्स टेबलावर ठेवलं. डॅरेलचे कान लाल झाले. त्यानं ते न बघताच परत सरकवलं.

"ठेव रे, ठेव. माझी खात्री आहे. पण मी काय हे गावभर दाखवत फिरू? हे बघ, पोरं कमी झाली की वरून फेरीच बंद करतील. आणखी एक घर गेलं तरी आपलं कठीण आहे. थोडे दिवस ग्लेनिसची गाडी घेऊन ये. लोक बघतील, आपोआप मिटेल."

"आणि ती पोरं आता शाळेत जातात कशी?"

"आपापल्या गाड्यांनी. आणखी कशी?"

"म्हणजे मी एक गाडी कमी केली, आणि गावानं तीन बाहेर काढल्या."

डॅरेलला हसू फुटलं. नेव्ह हसला नाही.

घरी आल्यावर त्यानं ग्लेनिसला सगळं सांगितलं. ग्लेनिसचा संताप संताप झाला. "मेल्यांनो!" ती खिडकीकडं बघून ओरडली. खिडकीबाहेर फक्त शेजाऱ्याचं कुत्रं होतं. "पबमध्ये याच्या सरबताचे पैसे घेता, तेव्हा दिसत नाही का हा काय पितो ते!" मग ती खुर्चीत बसली, आणि तिचा आवाज खाली आला.

"घे तू गाडी, नेव्ह."

"तुझ्या बहिणीचं काय?"

"विचारीन कुणाला तरी. नियम मी काढला होता, मीच मोडते. पृथ्वीचं काय व्हायचं ते होऊ दे. बस गेली तर तू काय करशील? तुला दुसरं काही येतं का?"

"नाही," नेव्ह म्हणाला. ते खरंच होतं.

त्यानं कप विसळले. गाडी घ्यावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याला लाज वाटत होती, आणि ती आजची नव्हती.

त्याचा बाप आल्फ मेंढ्यांची लोकर कातरायचा. हात सोन्याचा, पण संध्याकाळी शुद्धीत नसायचा. लायसन्स गेलं ते परत मिळालंच नाही. मरेपर्यंत तो सायकलवर फिरला, हँडलला पिशवी, पिशवीत बाटल्या. आणि समोरून गाडी आली की हँडलवरून एक बोट उचलायचा. प्रत्येक गाडीला, न चुकता. गाडीतली माणसं दुसरीकडं बघायची. शनिवारी फुटबॉलच्या मॅचला सगळ्या घरांच्या गाड्या मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहायच्या, ज्याची त्याची जागा पिढीजात ठरलेली. हॉकिंगांच्या जागेवर मग नेव्हचा काका गाडी लावू लागला. आल्फ लांब, गोलच्या खांबांमागं, पाइनच्या झाडांखाली एकटाच उभा असायचा. अधूनमधून गाडीच्या दिशेनं एक बोट वर करायचा. काकाच्या शेजारी बसलेला नेव्ह मैदानाकडं बघत राहायचा. त्याला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

शनिवार उजाडला. वर्षातली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. सगळं गाव येणार. ग्लेनिसनं थर्मास भरला, सॉसेज रोल कागदात गुंडाळले आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. नेव्ह अंगणात सायकलला हवा भरत होता.

"नेव्ह, अरे आज तरी."

"आज तर मुळीच नाही."

 ग्लेनिस किल्ली खिळ्याला अडकवून आली. "मी आपली पायीच येते," ती म्हणाली. "त्या सायकलवर तुझ्यामागं बसायचं माझं वय राहिलेलं नाही."

ते मैदानावर पोचले तेव्हा कुंपण गाड्यांनी भरून गेलं होतं. फक्त एका ठिकाणी गाडीएवढी फट होती. हॉकिंगांची जागा. तिथं दुसरं कुणी गाडी लावत नाही, मालक आला नाही तरी. डावीकडं डॅरेलची गाडी, उजवीकडं किमची. नेव्ह हेल्मेटवरच्या पट्ट्यांसकट सायकल ढकलत त्या फटीत शिरला. दोन्ही बाजूंच्या काचांमागचं बोलणं थांबलं. त्यानं सायकल बरोबर मधोमध आणली, पुढचं चाक कुंपणाला लावलं आणि स्टँड टाकला. शेजारी दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या.  ग्लेनिसनं चहा ओतून दिला, तो त्यानं गरमच घोटला.

मॅच सुरू झाली. थोड्या वेळानं वारूकचा गोल झाला, आणि रीतीप्रमाणं कुंपणाभोवतीच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. मैदान दणाणून गेलं. मग ते थांबले.

नेव्हनं हात लांब केला आणि सायकलची घंटी वाजवली.

ट्रिंग ट्रिंग.

शांततेत ती केवढी तरी मोठी वाटली. मैदानावरच्या दोन पोरांनी वळून बघितलं. डॅरेलनं काच खाली केली.

"काय रे नेव्ह, हॉर्नला जोर नाही तुझ्या!"

"पेट्रोल वाचवतोय," नेव्ह म्हणाला.

"खरंच, का उगीच?"

"खरंच. विचार हिला. हिचाच उद्योग आहे सगळा."

"माझाच आहे," ग्लेनिस मोठ्यानं म्हणाली, पाच गाड्यांना ऐकू जाईल अशी. "यूट मेली, दुसरी मी घेऊ दिली नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. तोंड आहे ना प्रत्येकाला?"

 पलीकडं कुणीतरी हसलं, आणि ते हसू हळूहळू गाडीगाडीतून पुढं गेलं. दुसरा गोल झाला. हॉर्न वाजले. थांबले. आणि या खेपेला सगळे घंटीची वाट बघत आहेत, हे नेव्हला कळलं. त्यानं वाजवली. किमच्या गाडीचं दार उघडलं आणि तिची दोन्ही पोरं धावत आली.

"नेव्ह, पुढच्या गोलला आम्ही वाजवू?"

नेव्हनं किमकडं बघितलं. ती पोरांना परत बोलावील असं त्याला वाटलं. तिनं बोलावलं नाही. ती खाली उतरली, गाडीला टेकून उभी राहिली, बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. लहानपणी उलटी झाल्यावर करायची तशीच.

"सोमवारी कोपऱ्यावर थांबतील ती," ती म्हणाली. "नेव्ह, मी..."

"वेळेवर थांबव म्हणजे झालं," नेव्ह म्हणाला. "मला उशीर चालत नाही."

वारूकनं तिसरा गोल केला तेव्हा पोरांची घंटीवरून मारामारी झाली. ग्लेनिस त्यांना सोडवत होती. सगळ्या गाड्या कोकलत होत्या. नेव्ह गोलच्या खांबांकडं बघत होता. तिथं मागं पाइनची झाडं अजून होती, बरीच उंच झालेली. त्यांच्याखाली कुणी नव्हतं.

हॉर्न हळूहळू थांबले. नेव्हनं सायकलच्या हँडलवर हात ठेवला आणि झाडांच्या दिशेनं एक बोट उचललं.