हौशीची किंकाळी

प्रतिभाबाईंनी सुनेकडे कधीच काही मागितलं नव्हतं. त्यामुळे पापड लाटता लाटता त्या एकदम बोलल्या, तेव्हा नीताला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुझं लायसन आलं ना? मग मला जव्हारला नेशील?"

"जव्हारला? कोण आहे तिथं, आई?"

"कोणी नाही. भार्गवच्या जागा बघायच्यात."

नीताच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. 'भार्गवचा तपास' ही हेरमालिका चौऱ्याण्णव साली दर गुरुवारी रात्री लागायची. हेमंतने, म्हणजे नीताच्या नवऱ्याने, तिचे बरेच भाग कॅसेटवर उतरवून ठेवले होते. प्रतिभाबाई आणि नीताचे सासरे अप्पा ती मालिका जेवणाची ताटं तशीच ठेवून बघायचे. खुनी कोण हे प्रतिभाबाई अर्ध्यातच ओळखायच्या. अप्पांचा संशय मात्र दर वेळी स्वयंपाक्यावर असायचा, त्या भागात स्वयंपाकी नसला तरीही. मालिकेचं चित्रीकरण जव्हार-मोखाड्याकडे झालंय हे पेपरात वाचल्यापासून अप्पा म्हणत होते, आपण जाऊन येऊ. ते राहिलं, आणि पुढे अप्पाही राहिले नाहीत. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती.

हेमंत रात्री ऐकून हसलाच. "घाटात दोघीच? त्या जुन्या गाडीतून? दिवाळीत मी घेऊन जातो ना."

"तुझी दिवाळी मला माहीत आहे," प्रतिभाबाई म्हणाल्या आणि उठून बॅग काढायला गेल्या.

नीता शहापूरच्या जवळ एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मे महिन्याची सुट्टी होती. सोमवारी सकाळी त्या दोघी निघाल्या. प्रतिभाबाई पुढच्या सीटवर मांडीत पर्स घट्ट धरून बसल्या. वळण आलं की डोळे मिटायच्या, वळण गेलं की उघडायच्या. पण "हळू" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. नीताला ते फार बरं वाटलं. हेमंत शेजारी बसला की सारखा पाय दाबून काल्पनिक ब्रेक मारायचा.

जव्हारला पहिला बंगला सापडला तो बाहेरून गेरू फासलेला, आत सिमेंटच्या गोण्या रचलेला. पहिल्या भागात इथंच एका श्रीमंत म्हाताऱ्याला विष दिलं होतं. प्रतिभाबाई फाटकाशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. नीताला वाटलं, हिरमोड झाला असणार.

"आई, निघू या?"

"थांब गं. तो जिना बघ. भार्गव खाली उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि वळून बघतो. मला वाटायचं केवढा मोठा जिना आहे! हा तर आपल्या घरापेक्षा लहान." आणि त्या मनापासून हसल्या.

त्या रात्री त्या एका लॉजवर राहिल्या. प्रतिभाबाई आयुष्यात पहिल्यांदा लॉजवर राहत होत्या. त्यांनी आधी चादरी झटकल्या, मग आपल्या घरून आणलेल्या अंथरल्या, आणि मग जेवायला खाली जाऊन दुसऱ्याच्या हातची भाकरी खाताना म्हणाल्या, "बसल्या जागी गरम भाकरी मिळते म्हणजे काय असतं, आज कळलं."

दुसऱ्या दिवशी मोखाडा. मालिकेतलं पोलीस ठाणं म्हणजे मुळात कसलंसं सरकारी गोदाम होतं. भार्गव जव्हारच्या बाजारातल्या गल्लीतून वळायचा आणि थेट या गोदामाच्या दारात यायचा.

"म्हणजे इकडं वळला की मोखाडा?" प्रतिभाबाईंना हे पटेना. "आपल्याला तर घाटातून यायला केवढा वेळ लागला."

"टीव्हीत तसंच असतं, आई. तुकडे जोडतात."

"तरीच तो कधी दमलेला दिसायचा नाही."

आता एकच जागा उरली होती, आणि प्रतिभाबाई मुख्यतः तिच्यासाठीच आल्या होत्या. सूर्यमाळची विहीर. तो भाग त्यांचा सगळ्यात आवडता. पहाटे एक बाई पाण्याला येते, विहिरीत वाकून बघते, आणि तिची किंकाळी सगळ्या डोंगरात घुमते. काठोकाठ भरलेल्या विहिरीत एक माणूस पालथा तरंगत असतो.

खोडाळा गाव मागे टाकून चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ यायला लागली. नीताने गाडी सागाच्या झाडाखाली घेतली. सागाला पानं नव्हती, त्यामुळे सावलीही नव्हती. तिने बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पाइप सैल होऊन सगळं पाणी गळून गेलं होतं. रुमालाने धरून तिने तो कसाबसा आवळला. जवळच्या बाटलीत घोटभर पाणी होतं.

"पाणी लागेल, आई. निदान एक कळशी."

रस्त्याने लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने हनुवटीनेच उतारावरची पायवाट दाखवली. दोघी उतरल्या. खाली पाच-सहा बाया विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या. शेजारी रिकाम्या हंड्यांची रांग. विहिरीच्या तळाशी एक पोरगी उतरली होती आणि खडकातून पाझरणारं पाणी वाटीने डब्यात भरत होती. डबा भरला की वरची बाई दोरीने ओढून आपल्या हंड्यात ओतायची. पाणी मातकट होतं.

नीता जागच्या जागी थांबली. इथं गाडीसाठी पाणी कुठल्या तोंडाने मागायचं?

प्रतिभाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या कठड्याकडे, वरच्या उंबराकडे, समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. "नीता, हीच गं! हीच ती विहीर. पण ती तर भरलेली होती..."

दोरी ओढणाऱ्या बाईने मान वळवली. चाळिशीची, सडसडीत, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. "शुटिंगची इहीर बघाया आल्या का?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मना नाय म्हाईत तर कोनाला?" ती म्हणाली आणि बाकीच्या बाया हसायला लागल्या. "मीच त वरडलेली."

तिचं नाव हौशी. खाली उतरलेली पोरगी तिचीच, पुष्पा. प्रतिभाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं टीव्हीत बघितलेला चेहरा त्यांनी त्या चेहऱ्यात शोधला, आणि तो हनुवटीपाशी सापडला.

"अगंबाई, तूच की ती! पण तेव्हा पाणी किती होतं विहिरीत."

"ते त्यांनीच आनलेलं, बाय. ह्याच दिसांत आलेले ते. इहीर अशीच सुकी. त्यांचा मानूस म्हनला, मेलेला मानूस तरंगाया पायजे. मग टँकर आनले. एकामांगं एक. वतलं, वतलं, पार वरपर्यंत." हौशीने हाताने कठडा दाखवला. "बाहुला टाकला कपडं घालून. शुटिंग झालं, बाहुला काढला न् गेले. मांगं आमी पानी भरलं. पाऊस येईस्तवर पुरलं. त्या सालाला आमी अजून पान्याचं साल म्हनतो."

प्रतिभाबाईंनी कठड्यावर हात ठेवला आणि खाली वाकून बघितलं. खालून पुष्पानेही वर बघितलं. ती तेव्हा तान्ही असणार.

"तुमी कशापाई खाली उतरल्या? गाडी बंद पडली का?" हौशीने विचारलं.

नीता म्हणाली, "हो. पण राहू दे. आम्ही जीप थांबवून खोडाळ्याहून पाणी आणू."

"जीप आता सांजच्याला येल." हौशीने बाकीच्या बायांकडे बघितलं. त्यांच्यात त्यांच्या बोलीत थोडी कुजबुज झाली. धोंडीबाई नावाची म्हातारी जरा कुरकुरली, हे नीताला शब्द न कळताही कळलं. शेवटी हौशीने स्वतःचा अर्धा भरलेला हंडा उचलला. "चला. गाडीला काय गाळून लागत नाय."

नीताने ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं तेव्हा तिचे हात जपून चालत होते. एक थेंब बाहेर सांडू नये म्हणून तिने श्वास रोखला होता. हौशी शेजारी उभी राहून इंजिन बघत होती.

"कशी दिसलेली मी?" तिने एकदम विचारलं.

"कुठं?"

"त्यात. शुटिंगात. आमाला कोनी दावलाच नाय. तवा इतं लाइट नव्हती. मांगं लाइट आली, पन ते काय परत लागलं नाय. माझा घो म्हनायचा, तुला कापून टाकली असंल." ती हसली, पण उत्तराची वाट बघत होती.

प्रतिभाबाई गाडीत बसत होत्या त्या पुन्हा खाली उतरल्या. "आमच्याकडे आहे तो भाग. कॅसेट आहे. मी तुला दाखवते."

परत येताना नीता म्हणाली, "आई, लोक असं म्हणतात आणि विसरतात. ती वाट बघेल."

"म्हणून तर पुढच्या आठवड्यातच जायचं."

हेमंतने या वेळी वाद घातला नाही. व्हीसीआरच्या वायरी कशा जोडायच्या ते त्याने बायकोला दोनदा करून दाखवलं आणि पाइपही बदलून आणला. प्रतिभाबाईंनी व्हीसीआर जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि अख्ख्या प्रवासात मांडीवर धरला. डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन होते. हौशीने ते उतरवून घेतले आणि म्हणाली, "बरं झालं. पन एवढ्यानं काय व्हतंय, बाय?" नीताला ते लागलं नाही. खरंच होतं ते.

खोडाळ्याला वामन नावाच्या माणसाची पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागच्या खोलीत रंगीत टीव्ही. तिथं बघायचं ठरलं. हौशी, पुष्पा, कुरकुरणारी धोंडीबाई आणि आणखी तिघी अशा सगळ्या त्या लहानशा गाडीत एकमेकींच्या मांडीवर बसून आल्या. प्रतिभाबाई अर्ध्या सीटवर अंग चोरून बसल्या होत्या, पण खुशीत होत्या.

नीताने कॅसेट लावली. डोंगर आला, पहाट आली. डोक्यावर हंडा घेतलेली एक तरुण बाई उतारावरून चालत आली.

"आये, तू!" पुष्पा ओरडली.

हौशीने पदर तोंडाशी धरला. स्वतःचं चालणं ती पहिल्यांदा बघत होती. पडद्यावरची हौशी विहिरीशी आली, वाकली, आणि विहीर दिसली. बायांच्या तोंडून एकदम "आ" निघाला. मेलेल्या माणसाकडे कोणी बघत नव्हतं. धोंडीबाई पुढे सरकली आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, "पानी बघा किती. काळंभोर."

मग किंकाळी आली. बारीक, लांबलचक.

हौशीचा पदर खाली आला. "ह्यो कोनाचा आवाज?"

नीताने कॅसेट मागे घेतली. पुन्हा तीच किंकाळी. हौशी उठून उभी राहिली. "माझा नाय ह्यो. दिसभर वरडवलं मना. जोरात वरड, अजून जोरात वरड. दोन दिस घसा बसलेला. न् घातली कोन भलतीच!"

नीता समजावायला गेली. शहरात गेल्यावर आवाज वेगळा भरतात, एखाद्या नटीचा घेतात. सांगता सांगताच तिला आपण उगाच त्या लोकांची बाजू घेतोय असं वाटलं आणि ती थांबली.

प्रतिभाबाई म्हणाल्या, "नीता, परत लाव. आणि आवाज बंद कर."

चित्र पुन्हा सुरू झालं, मुकं. हौशी उतारावरून आली. वाकली. आणि खोलीतल्या हौशीने, दोन्ही हात छातीशी धरून, पोटातून किंकाळी फोडली. ती बारीक नव्हती. जाड, फाटलेली, खरोखर घाबरलेल्या माणसाची. कपाटावरची भांडी थरथरली.

गिरणीतून वामन पिठाने माखलेला धावत आला. "काय झालं? कोन पडलं?" मागून दळणाला आलेले चार लोक. खोलीत सगळ्या बाया हसून हसून एकमेकींवर कोसळल्या होत्या. हौशी मात्र शांतपणे खाली बसली. "आसा व्हता," ती म्हणाली. "आता लावा पुढं."

पुढचं सगळ्यांनी नीट बघितलं. भार्गव मोखाड्याच्या गोदामात संशयितांना एका ओळीत उभं करतो, एकेकाच्या डोळ्यांत बघतो, खिशातून काहीतरी काढतो, आणि त्याच क्षणी लाइट गेली.

वामन म्हणाला, "आता रातच्यालाच येईल." कॅसेट आतच अडकली होती. बायांनी प्रतिभाबाईंकडे बघितलं.

प्रतिभाबाई कधी चार माणसांत बोललेल्या नव्हत्या. हळदीकुंकवालाही त्या कोपऱ्यात बसत. नीताला वाटलं, त्या आपल्याला सांगायला लावतील. पण त्या उठल्या, पदर खोचला, आणि भार्गवसारख्या पाठीमागे हात बांधून खोलीत फेऱ्या मारायला लागल्या. भार्गवचे शब्द त्यांना तोंडपाठ होते. खिशातून बटण काढल्याचा अभिनयही त्यांनी केला. मग धोंडीबाईपासून सुरुवात करून एकेकीसमोर थांबत गेल्या आणि शेवटी रिकाम्या भिंतीकडे बोट केलं. "खुनी तूच आहेस, दिनकर!"

"दिनकर म्हंजे कोन?" हौशीने विचारलं.

"तो गं, चष्मेवाला. मेलेल्याचा धाकटा भाऊ."

"तो?" हौशी हसलीच. "तो नाय करायचा. लई भला मानूस. शुटिंगाला सगळे खुर्चीवर जेवायचे, त्यो आमच्यासंगं खाली बसायचा. पुष्पाला घेऊन फिरायचा. त्यो कशाला मारील?"

"अगं, पण बटण त्याच्याच कोटाचं होतं."

"बटन कोनीबी टाकील."

"विहिरीपाशी पायाचे ठसे होते!"

"इहिरीपाशी आमचे पन होते. सगळ्या पाड्याचे होते."

इतक्या वर्षांत हे प्रतिभाबाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्या हौशीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग तुला कोणावर संशय आहे?"

नीताने गाडी काढली तरी दोघींचं संपलं नव्हतं. मागच्या सीटवर त्या खेटून बसल्या होत्या आणि मोठमोठ्याने बोलत होत्या. हौशीचा संशय मेलेल्या माणसाच्या वकिलावर होता, आणि प्रतिभाबाई तिला एकेक पुरावा विचारत होत्या. सूर्यमाळचा चढ लागला. नीताने गिअर बदलला आणि गाडी हळू घेतली. मागे कोणालाच उतरायची घाई दिसत नव्हती.