रोजचा समुद्र

वामनरावांनी सुरईच्या तोंडावर ओलं फडकं बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि सुरई सुनेपुढे सरकवली.

"मुंबईपर्यंत हेच पाणी प्यायचं. गाडीत शेजारच्या बाईनं काही दिलं तर घ्यायचं नाही."

"हो," रमा म्हणाली.

"मंगळसूत्र पदराआत. दाराजवळ निजायचं नाही. कल्याण आलं की मग डोळा लागू द्यायचा नाही. अन् समुद्राकडे पाठ करून कधी उभं राहायचं नाही. लाट जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, माणसाले समजत नाही."

वामनराव भिक्षुकी करत. पण मुंबईला दोनदा जाऊन आले होते आणि त्या दोन फेऱ्यांच्या भांडवलावर त्यांनी अर्ध्या अमरावतीला प्रवास शिकवला होता. लोक तिकिटाआधी त्यांच्याकडे येत आणि एक विचारून दहा ऐकून जात. एरवी रमाला हसू आवरलं नसतं. आज तिचं लक्ष मांडीवरच्या शालूकडे होतं.

शालूला चौथं वर्ष लागलं होतं. दिवाळीपर्यंत घरभर धावणारी पोर आता भिंत धरूनही उभी राहत नव्हती. पाय गुडघ्यांखाली वाकले होते. मुडदूस आहे, डॉक्टर म्हणाले; दोन महिने समुद्रकाठी ठेवा, रोज सकाळी खारं पाणी आणि ऊन. उशीर केलात तर हाडं तशीच राहतील. रमाचा भाऊ वरसोव्याला राहत होता. उद्या तिचा नवरा वसंता दोघींना तिथे पोचवून चार दिवसांनी परतणार होता. कचेरीने रजाच तेवढी दिली होती.

"अन् मुख्य गोष्ट," वामनराव म्हणाले, "पर्वाशिवाय समुद्राले शिवायचं नाही. अमावस्या, पौर्णिमा, बस. एरवी दुरून नमस्कार."

दोन महिन्यांत चार आंघोळी.

"मामाजी, डॉक्टर रोज म्हणाले."

"डॉक्टरले शास्त्र काय मालूम? गावाले आजपर्यंत मी हेच सांगितलं. घरच्यायले दुसरं सांगू?"

सासऱ्यांपुढे रमाचा आवाज कधी चढला नव्हता. आताही चढला नाही.

"मी तिले रोज नेईन, मामाजी. चोरून नेऊन तुमाले खोटं सांगणं मले जमणार नाही, म्हणून आत्ताच सांगून राहिले."

वामनराव उठून आत गेले, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने बाहेर पडल्याची चाहूल लागली. दिवेलागणीला आले ते न जेवता निजले. रमाने त्यांचं ताट झाकून ठेवलं.

"कायले बोलली?" वसंता म्हणाला. "तिकडे गेल्यावर जे करायचं ते केलं असतं."

सकाळी ती पाया पडायला गेली तर त्यांची खोली रिकामी होती. निघेपर्यंत ते आले नाहीत. टांगा हलला तशी रमा रडू लागली. पोरीसाठी ती पुन्हा तेच बोलली असती. पण म्हाताऱ्या माणसाला दुखवून, नमस्कारसुद्धा न करता घर सोडणं तिच्या जिवाला लागलं होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता आणि शुक्रवारी पश्चिमेकडे निघत नाहीत. म्हणून वामनरावांनी आदल्या दिवशीच प्रस्थान ठेवलं होतं; म्हणजे एक गाठोडं चांगल्या वेळेला घराबाहेर नेऊन ठेवलं, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. बडनेरा स्टेशनच्या वाटेवर गंगूबाई माळणीचा मळा होता. तिथे टांगा थांबला. गंगूबाईने गाठोडं आणून दिलं, आणि आत जाऊन आणखी एक घेऊन आली.

"हे आमचं नाही," वसंता म्हणाला.

"गुरुजीचं हाय. काल दोन्ही त्यायनंच ठेवले."

गाठोड्यातून संध्येच्या पळीचं टोक बाहेर आलं होतं. रमा ते पाहत होती तोच झेंडूच्या वाफ्यांमधून वामनराव आले, अंगात कोट, काखेत छत्री.

"दोन महिने लग्नं उत्तमराव भटजी लावतील," ते वसंताला म्हणाले. "तुई रजा चार दिवसांची. पुढं पोरीले पाण्यात कोण नेईल? हिले पोहता येते काय? मी पूर्णेच्या काठी वाढलो."

"बाबा, अन् शास्त्र?"

"ते आहे तिथंच आहे. मोडीन मी, अन् प्रायश्चित्तही मीच घेईन. लोकायले सांगतच आलो ना, मले पाठ आहे."

"गावात विचारतील."

"तर सांगीन, नात चालत नव्हती."

रमा खाली उतरून त्यांच्या पाया पडली. ते नेहमीसारखे आशीर्वाद पुटपुटले आणि टांग्यात चढून बसले. शालूला त्यांनी मांडीवर घेतलं, तिचे पाय आपल्या उपरण्यात गुंडाळले. टांगा बडनेऱ्याच्या वाटेला लागला.

"हं, आता नीट सांग," मग ते रमाला म्हणाले. "डॉक्टर काय काय म्हणाले? पाणी कुठपर्यंत? अंग पुसायचं, का उन्हातच वाळू द्यायचं?"

रमा सांगू लागली. घाईत तिचे शब्द एकमेकांत अडकू लागले.

"हळूहळू सांग," वामनराव म्हणाले. "मी ऐकून राहिलो."