उताण्या अळ्या

कुबराने चिकूवर बसलेला हिरवा चकचकीत भुंगा धरून पाल्याच्या टबात ठेवला, तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. सून हौशी आहे, चालायचंच! पण त्या भुंग्याने टबातल्या कुजक्या पाल्यात अंडी घातली, अंड्यांतून अकरा पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि सासऱ्यांचा पारा चढला.

सासरे इसहाक मुरुडच्या वाडीत पन्नास वर्षं माड राखत आलेले. दोन माड गेंड्या भुंग्याने शेंडा पोखरून मारले, ते दुःख त्यांना अजून घरचं माणूस गेल्यासारखं होतं. दर शुक्रवारी नमाजाआधी ते शेणखताचा खड्डा उकरत, त्यातल्या अळ्या गेंड्याच्या म्हणून डब्यात भरत आणि कोंबड्यांपुढे ओतत.

"ह्या गेंड्याच्याच हायत. दुश्मनाची पोरं घरात पोसतेस?" ते म्हणाले. "आज शुक्रवार हाय. कोंबड्यांना घाल."

दोन महिने कुबराने त्या अळ्यांना जीव लावला होता. पाला ओला ठेवला, मुंग्या लागू नयेत म्हणून टब पाण्याच्या परातीत ठेवला. ती सहजासहजी ऐकणारी नव्हतीच.

"अब्बा, ह्या गेंड्याच्या न्हायत. तुमचा डबा आणा, दाखवते. मी चुकले तर माझ्या हाताने कोंबड्यांना घालीन."

इतक्या ठामपणे बोललेलं इसहाकना आवडलं नाही, पण डबा त्यांनी आणला. कुबराने ओट्याची फरशी पुसली. डब्यातली एक जाडजूड अळी ठेवली. ती मुटकुळं करून कुशीवर पडली ती पडलीच. मग टबातली ठेवली. ती अंग ताणून उलटली, पाय आभाळाकडे केले आणि पाठीवरच सरपटत तुरुतुरु सावलीकडे निघाली.

"पाय असून पाठीवर चालते?" इसहाक खाली बसले.

"अकराच्या अकरा अशाच चालतात. पाला बदलताना दर वेळी बघते मी. ह्या कुजका पाला खातात, मोठ्या झाल्या की फुलं न् पिकली फळं. माडाला हातसुद्धा लावत न्हायत."

इसहाकनी उरलेला डबा फरशीवर उपडा केला. वीसेक अळ्या मुटकुळं करून पडल्या. तीन मात्र उलटल्या आणि पाठीवर चालू लागल्या. ओट्याखाली कोंबड्या कलकलाट करत होत्या.

म्हातारा त्या तिघींवर वाकला. कुबरा जिंकली होती, पण त्यांचा चेहरा बघून तिला हसू येईना.

"डब्यात दर वेळी दोन-चार उताण्या व्हायच्या," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, मरायला टेकल्या. म्हणून त्याच आधी कोंबड्यांपुढे टाकायचो."

मग त्यांनी त्या तिघींना एकेक करून उचललं आणि सुनेच्या टबात सोडलं.