बिनकामाची ओळ

मला कोडमध्ये पसारा खपत नाही. त्यात निवृत्त झालेल्या आमच्या साहेबांनी इस्पितळातल्या मॉनिटरसाठी लिहिलेला कोड म्हणजे नुसती अडगळ. मुख्य फाइलच्या डोक्यावर त्यांनी 'भोंगा' नावाचं मॉड्यूल, म्हणजे कोडची एक वेगळी फाइल, इम्पोर्ट केलं होतं आणि खाली साडेचारशे ओळींत ते नाव एकदाही आलं नव्हतं. एडिटर त्या ओळीखाली, बिनवापराची म्हणून, पिवळी रेघ मारून दाखवत होता. माझे हात शिवशिवले. ओळ उडवली, चाचण्या पास झाल्या आणि नवी आवृत्ती इस्पितळात बसली.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काही मॉड्यूलं नावासाठी आणायचीच नसतात. ती लोड होता होता आपलं काम उरकतात. हे मॉड्यूल लोड होताना वॉर्डातल्या मॉनिटरना भोंगा जोडून द्यायचं. पुढे त्याचं नाव कुणाला लागतच नव्हतं. असं असतं हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. ती फाइल उघडून बघायचा कंटाळा केला, बस्स.

अकरा दिवसांनी, रविवारी दुपारी, सहा नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा ऑक्सिजन उतरत गेला. पडद्यावर आकडा लाल झाला, आवाज मात्र आला नाही. ड्यूटीवर नर्स म्हणून माझी ताई होती. सलग दुसरी पाळी, पडद्याकडे पाठ, समोर नोंदींचा ढीग. डॉक्टर धावत येईपर्यंत बाई गेल्या होत्या.

सोमवारी हे कानावर आलं तेव्हा कुठे मी ती फाइल उघडून पाहिली आणि ओळ परत घातली. या खेपेला नीट: मॉड्यूल लोड होईल पण न वापरलेलं नाव मागे राहणार नाही अशी, वर कारण लिहून. आणि मूग गिळून बसलो.

शेवटी ताईच्या घरी गेलो. ती भांडी विसळत होती.

"चौकशीचं काय झालं?" मी विचारलं.

"काल लिहून दिलं. डोळा लागला असणार म्हणून. सही करून आले."

"लागला होता?"

"आठवत नाही रे. पण त्यांनी तपासला तेव्हा भोंगा चालू होता. तो वाजला आणि मला ऐकू आला नाही, म्हणजे झोपलेच असणार ना? त्या बाईंची मुलगी रोज वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहते. तिला काय सांगू?"

मला स्वतःची किळस आली.

"ताई, भोंगा वाजलाच नव्हता. त्याची ओळ मी काढून टाकली होती."

तिने नळ बंद केला. थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली.