राहिलेले सतरा धवले

शुक्रवारी सकाळी पुष्पलताने कंप्युटरवर सासूचं खातं उघडलं, तर पडद्यावर निळा रंग आणि एक कचऱ्याची टोपली, बस. कोपऱ्यात एक ओळ उमटली: हे खातं तात्पुरतं आहे, बंद केल्यावर यातलं सगळं पुसलं जाईल.

सासू अनसूयाबाई भाईंदरच्या खारी गावातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवांना बोलावणारी. जाण्याआधी तिने एकतीस धवले या कंप्युटरवर गाऊन ठेवले होते. पुष्पलताला पाठ होते चौदा. आणि परवा, रविवारी, धवलारीण म्हणून तिचं पहिलं लग्न. बाकीचे सतरा कुठे गेले हे देवांनाच ठाऊक, आणि देव तर धवल्याशिवाय यायचे नाहीत.

“दुकानवाला विपुल येतोय पाचला,” मुलगा केतन म्हणाला. “फॉरमॅट मारतो म्हणाला. एकदम नवीन होईल.”

“आणि आजी?”

केतन माउसची वायर सरळ करू लागला. कालपासून तो नजर चुकवत होता, हे तिने मनात टिपून ठेवलं.

वरच्या मजल्यावर पूर्वी नावाची मुलगी राहायची, ती ऑफिसात लोकांचे कंप्युटरच दुरुस्त करायची. ती ओल्या केसांनीच खाली आली.

“फॉरमॅट? मावशी, नळ गळतो म्हणून बिल्डिंग पाडतं का कोण?”

“भाईंदरमध्ये पाडतात,” पुष्पलता म्हणाली.

“आधी सांगा, शेवटचं काय बदललं?”

“काय बी न्हाय.”

“मी फक्त फोल्डरचं नाव बदललं,” केतन नखांकडे बघत म्हणाला. “आजीचं. माझ्या लॉगिनमधून. वर्षश्राद्ध झालं ना. तूच म्हणालीस, सगळीकडे कै. लाव.”

खरं होतं. दारावरची पाटी, पितळी हंडा, मंडळाला दिलेला चषक, सगळीकडे कै. चढलं होतं. कंप्युटर तेवढा राहिला होता.

“कंप्युटर आजीला जुन्या नावाने शोधतोय,” पूर्वी म्हणाली. “ती सापडेना, म्हणून त्याने तुम्हाला रिकामी खोली दिलीय.”

केतनच्या लॉगिनमधून तिने कै. काढलं, आत आणखी एका जागी नोंद सरळ केली. “आता बंद करून चालू.”

पडदा काळा झाला. पांढरे ठिपके गोल फिरत राहिले. पुष्पलता मनात पाठ धवले म्हणू लागली, तर तिसऱ्याची दुसरी ओळ आठवेना. म्हणजे चौदाही चालले.

“पूर्वी, गेलंच असेल तर?”

“मावशी, श्वास घ्या.” पूर्वीचा स्वतःचा अंगठा दातांत होता, तेही पुष्पलताने पाहिलं.

फोल्डर उघडला. पुष्पलताने धवले दोनदा मोजले. एकतीस. पंधरावा लावला. खोकला, बांगड्या, मग सासूचा आवाज: “पुष्पे, ऐकतेस का न्हाय? खालच्या सुरात धर.”

पुष्पलताने पदर डोक्यावर ओढला.

पूर्वीने पेनड्राइव्हवर नक्कल करायला घेतली. “विपुलला सांग, येऊ नकोस,” पुष्पलता केतनला म्हणाली. “पाटीवर असू दे कै. हितं हात लावलास तर बघ.”

आणि खालच्या सुरात पंधरावा धरला.