रजिस्टर पत्र

खडकमळ्याचं पोस्ट चावडीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत होतं. पोस्टमास्तर गोरक्षनाथ तात्या रिटायर झाले तेव्हा वरून कळलं, की नवा माणूस काही मिळणार नाही. गावातल्या एखाद्या दुकानदारानं खिडकी चालवायला घेतली तर ठीक, नाहीतर पोस्ट सहा किलोमीटरवरच्या शेजारगावाला जाणार. दोघांनी अर्ज केले. एक स्टँडवरचा श्रीमंत नावाचा खतवाला, आणि दुसरी स्नेहल, जिचं शाळेसमोर स्टेशनरीचं दुकान होतं.

स्नेहलसाठी दारोदार फिरली ती जया. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. जयानं मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली ती दुपारच्या वेळी स्नेहलच्या दुकानात, वह्यांच्या गठ्ठ्यावर बसून. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाली तेव्हा रडलीही तिथंच.

"बाईच्या हातात पोस्ट आलं तर बायका न लाजता जातील," ती घरोघर सांगायची. "खतवाल्याच्या दुकानात सगळे गडी बसलेले असतात. तिथं कुठं उभं राहायचं आपण?" एकशे बारा सह्या तिनं गोळा केल्या. तात्यांनीही शिफारस लिहून दिली. स्नेहलला पोस्ट मिळालं, आणि लाल पाटी लागली त्या दिवशी नारळ फोडायचा मान तिनं जयालाच दिला.

त्याच पावसाळ्यात राहुरीकडच्या एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली. जयानं अर्ज भरला तो स्नेहलसमोर बसून. फोटो चिकटवायला डिंकही तिनंच दिला. संस्था जुन्या वळणाची, मुलाखतीचं बोलावणं टपालानंच यायचं. गावात पोस्टमन आता रोज फिरत नव्हता; टपालाची पिशवी दुकानात उतरायची आणि ज्याचं त्यानं येऊन न्यायचं.

जया दर दोन दिवसांनी जायची.

"आलं का गं माझं काही?"

"न्हाई गं. आलं की मीच पळत येईन की तुझ्या दारात."

असे तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी जया दुकानात गेली तर काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स उघडा. स्नेहलनं एक पेढा तिच्या हातावर ठेवला. "आमच्या सृष्टीचं काम झालं. वसतिगृहात."

सृष्टी म्हणजे स्नेहलची नणंद. सासरच्यांनी नांदवली नाही म्हणून दोन वर्षांपासून माहेरी होती.

"तिनं कधी अर्ज केला?" जयानं विचारलं.

"केला हुता. घाईत केला. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

पेढा जयानं खाल्ला. घरी येईपर्यंत तिला वाटत होतं, आपण निवडीतच आलो नसू. तरी दुसऱ्या दिवशी ती जीपनं संस्थेच्या कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनानं फाईल काढली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, तुमचं नाव यादीत पहिलं होतं. रजिस्टर पत्र पाठवलं, त्याची पोचपावती परत आलीय. तुम्हीच आला नाहीत मुलाखतीला."

त्यानं पावती पुढं सरकवली. पावतीवर निळ्या शाईत 'जया' एवढंच लिहिलं होतं. ते अक्षर तिनं लगेच ओळखलं. बी.ए.च्या परीक्षेआधी ताप आला होता तेव्हा त्याच अक्षरात स्नेहलनं तिला चाळीस पानं नोट्स उतरवून दिल्या होत्या.

परतीच्या जीपमध्ये शेजारची बाई काहीतरी विचारत होती, जयाला शब्द कळत नव्हते.

जया थेट स्नेहलच्या दुकानात गेली, तिथं कडूबाई मेहंदीचा कोन घ्यायला आली होती. जया तिच्यासमोरच बोलली.

"माझं पत्र कुठंय?"

"कसलं पत्र?"

"ज्याच्यावर तू माझी सही केलीस ते."

स्नेहलचा हात बरणीच्या झाकणावर तसाच राहिला. आधी म्हणाली, गठ्ठ्यात राहून गेलं असंल. मग एकदम तिचा आवाज चढला. "तुला काय कमी हाय गं? नवरा हाय, घर हाय. ती दोन वर्षं माझ्या उरावर बसलीय. सासू रोज मलाच बोलती. पत्र माझ्याच हातात पडलं, तर मी काय करायचं हुतं?"

"मला सांगायचं हुतं," जया म्हणाली. "नको जाऊ म्हणली असतीस तर..."

आपण खरंच गेलो नसतो का, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण ते ठरवायचं तिनं होतं.

तक्रार लिहायला ती तात्यांकडे गेली. तात्यांनी सगळं ऐकलं आणि कोरा कागद पुढं सरकवला. "लिही," म्हणाले. "शिफारस मीच दिली हुती, तेबी लिही त्यात."

दोन आठवड्यांनी चौकशीला पोस्टाचे साहेब आले. ज्या बायकांनी जयाच्या शब्दावर सह्या दिल्या होत्या, त्यांच्यातली एकही पुढं आली नाही. "पोस्ट गेलं तर पोरींच्या बचतखात्याचं काय? शेजारगावाला कोन जानार?" असं दारातूनच सांगून त्या मोकळ्या झाल्या. आणि कडूबाईनं, जिच्या आजारपणात जया महिनाभर भाकरी पोचवत होती, साहेबांसमोर सांगितलं, "जयानंच नेलं पत्र. मी हुते की तिथं."

जया तिच्याकडे बघत राहिली. कडूबाई मात्र साहेबांकडे पाहत होती.

तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असा कागद आला. तोही स्नेहलच्या दुकानातूनच घ्यावा लागला.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सृष्टी जयाच्या अंगणात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. "वहिनी, मला ठाऊक न्हवतं. शपथ. चौकशीतबी आमच्या स्नेहलवहिनीचंच खरं वाटलं हुतं; काल तिचं आन दादाचं भांडण झालं तेव्हा कळलं. मी सोडून देऊ का ही नोकरी?"

जयाला ते खरं वाटलं. त्यामुळं तर तिला जास्तच राग आला, कारण आता रागवायला समोर कुणीच उरलं नव्हतं.

"सोडलीस तर ती मला मिळणार हाय का?"

सृष्टीनं डोळे पुसले.

"मग जा. तिथल्या पोरींना घरून पत्र आलं तर जिचं तिच्या हातात दे."

सृष्टी मान हलवून निघून गेली. जयानं तिला बस म्हटलं नाही, की पाणी विचारलं नाही. नंतर आत जाऊन तिनं केडगावच्या बहिणीला फोन लावला आणि म्हणाली, "इथून पुढं माझ्या अर्जांवर तुझा पत्ता घालते. चालंल का गं?"