उंबऱ्याबाहेरची बंदूक

चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. आरमोरीपासून बैलगाडीच्या वाटेवर एक लहानसं गाव होतं. धान भरत आलं की जंगलातून रानडुकरं उतरत, म्हणून नथ्थूला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला होता. रात्रभर तो शेतातल्या माळ्यावर, उंच मचाणावर बसे. डुक्कर आलंच नाही तर नळीतला बार तसाच राही. उगाच उडवून बारूद कोण वाया घालवील? आणि भरली बंदूक घराचा उंबरा ओलांडत नाही, हा गावाचा जुना नेम. म्हणून सकाळी घरी जाण्याआधी नथ्थू ती शाळेच्या पडवीत खुंटीला अडकवून ठेवी. संध्याकाळी माळ्यावर जाताना ती तशीच काढून नेई. शाळेला कुठला आलाय उंबरा!

त्याची बायको शकुबाई रोज हे पाही, आणि नेम पाळला जातोय म्हणून निश्चिंत असे.

एका सकाळी त्यांच्याच लेकीने, चंदाने, त्या खुंटीवरची आपली पिशवी ओढली. बंदूक खाली आली. सादिक मास्तरांनी पोरीला बाजूला ढकललं, आणि छर्रे त्यांच्या पोटरीत शिरले.

मास्तर वाचले. दवाखान्यातून ते आरमोरीला आपल्या घरी गेले. ठाणेदाराने नथ्थूला खडसावून बंदूक परत दिली. ती ठेवायची कुठे, ते मात्र सांगितलं नाही. शाळेला कुलूप लागलं. मास्तर आता बदली मागणार, अशी बातमी आली. त्या जंगलात दुसरं कोण यायला बसलं होतं? शकुबाईने नथ्थूला गाडी जुंपायला लावली आणि त्या दिवसापासून बोलणं सोडलेल्या चंदालाही सोबत घेतलं.

मास्तरांची बायको रशिदा दारातच आडवी उभी राहिली. "ते झोपले हायेत."

"कोण झोपलं हाय?" आतून आवाज आला. "नथ्थू आला काय? येऊ दे त्याले. फक्त हात रिकामे हायेत का पाहून घे!"

चंदा गाडीतून उतरलीच नाही. नथ्थू आत जाऊन खाली मान घालून बसला. "मास्तर, चुकी झाली. वापस चला."

"अरे, खुंटी तं मीच ठोकून देल्ली होती. माही बी चूक हाय."

"तुम्ही चूप बसा जी," रशिदा म्हणाली, आणि शकुबाईकडे वळली. "बाई, एक सांगा. भरली बंदूक तुमच्या घरात काऊन नाई चालत?"

"घरात लेकरं असतेत नं, बाई..." शकुबाई बोलली, आणि तिथेच अडली. दारातून तिला गाडीत बसलेली चंदा दिसली.

मग म्हणाली, "आजपासून बार बांधावरच उडवाचा. बारूद गेली तं जाऊ दे. बंदूक माह्या घरात, लुगड्याच्या पेटीत, कुलपात. किल्ली माह्या कमरेले."

"अन् रोज सांजच्याले?" नथ्थूने विचारलं.

"मले मागाची. गोड बोलून."

"अन् घरातले देव? त्यायले बंदूक चालन काय?"

"देवाले मी समजावीन. तुह्यापेक्षा लवकर समजते त्याले."

मास्तर इतके हसले की पायात कळ येऊन कण्हले.

रशिदा हसली नाही. "बोलणं सोपं हाय. पेटी मी डोळ्यानं पाहीन. कुलूप कच्चं असलं तं याच गाडीनं वापस." आणि तिने अंथरुणाची वळकटी बांधायला घेतली.

नथ्थूने मास्तरांना पाठीवर घेऊन गाडीत आणलं. "सरक वं चंदे, पाय ठेवाले जागा दे," मास्तर म्हणाले. चंदा सरकली. मग तिने तो पट्टी बांधलेला पाय हळूच मांडीवर घेतला.

"दुखते काय, गुरुजी?"

"तू हालशीन तं दुखन."

वाटभर तिने नाकावर बसलेली माशीही हाकलली नाही.

नथ्थूच्या घरी पोचताच रशिदाने बंदूक आपल्यासमोर पेटीत ठेवून घेतली. कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा हिसडून पाहिलं. किल्ली शकुबाईच्या कमरेला लागलेली पाहिली. मग बाहेर येऊन नथ्थूला म्हणाली, "भाऊ, उतरवा मास्तरचं अंथरूण."